शेजाऱ्याचा बोर्ड बघून आपला होमस्टे चालवताय? या चुका टाळा

मालवणजवळ तारकर्ली-देवबागच्या रस्त्याला लागलात की बोर्डच बोर्ड. घरगुती जेवण, एसी रूम, स्कुबा बुकिंग, आणि चार घरं सोडून परत तेच. मग गिऱ्हाईक निवडणार कशावरून? तो सरळ रेट विचारतो, आणि तिथूनच सगळी बोंब सुरू होते.

सगळ्यात महागात पडणारी चूक हीच, समोरच्याने रेट पाडला की आपणही पाडायचा. समजा तुमची रूम २००० ची आहे आणि वीज, धुणं, साफसफाईची बाई, चहा-नाश्ता सगळं धरून खर्च ९०० येतो. राहिले ११००. रेट १६०० केलात की हातात ७००, म्हणजे आधी १० रात्रींत जे ११,००० सुटायचे त्याला आता १६ रात्री भरायला हव्यात. त्यात समोरच्याचं घर वडिलोपार्जित, स्वयंपाक घरच्या बायका करतात, तुमच्या डोक्यावर मात्र बँकेचा हप्ता. त्याचा रेट तुम्हाला दिसतो, हिशोबाची वही थोडीच दिसते!

दुसरं मेनूकार्ड. शेजारी पनीर टिक्का ठेवतो म्हणून आपणही, आणि बारा महिने सुरमई थाळी. अहो १ जून ते ३१ जुलै यांत्रिक बोटींना मासेमारी बंद असते, तेव्हा ती सुरमई बहुतेक फ्रीजरमधलीच असणार हे मुंबईचा पाहुणासुद्धा ओळखतो. त्यापेक्षा तुमच्या आईच्या हातची कुळथाची पिठी, गरम भात, चुलीत भाजलेला सुका बांगडा, टाकळ्याची नाहीतर फोडशीची रानभाजी हे वाढा की, पावसात माणूस याच्यासाठी येतो. स्कुबा पावसाळ्यात तसाही बंद, त्याच्या जिवावर बोर्ड रंगवून चार महिने काय करणार?

हापूसवाल्यांचंही तेच. शेजारची पेटी 'देवगड' नावाने जाते म्हणून आपणही तसाच शिक्का मारायचा, बाग भलतीकडेच असली तरी. हापूसला २०१८ मध्ये जीआय, म्हणजे भौगोलिक मानांकन, मिळालंय, असा खोटेपणा अंगाशी येऊ शकतो, आणि आपल्या बागेचं नाव कधी होतच नाही ते वेगळंच.

मग आपलं काय चांगलं आहे हे कळायचं कसं? जुने व्हॉट्सॲप मेसेज उघडा. गेलेला पाहुणा परत काय विचारतो ते बघा. 'ते कोकमाचं आगळ पाठवाल का', 'त्या अंगणातल्या खोलीत परत येऊ का' असे मेसेज दोन-चार जणांकडून आले असतील तर उत्तर तिथेच आहे. आगळ मागत असतील तर मे महिन्यात रतांबे, म्हणजे कोकमाची फळं, जास्त घ्या, साखर घातलेलं सरबत सगळेच विकतात, सोलकढीचं चांगलं आगळ शोधावं लागतं. आणि बोर्डावर, फोटोत, फोनवर बोलताना तेच पहिलं सांगा, बाकी नंतर.

शेजाऱ्याचं काहीच घ्यायचं नाही असं नाही हां. स्वच्छ बाथरूम, यूपीआय, फोन लगेच उचलणं हे बिनधास्त कॉपी करा. आणि गुगल मॅपवरचं पिन एकदा स्वतः गाडी घेऊन तपासा, नाहीतर रात्री साडेदहाला पाहुणे भलत्याच वाडीत कुणाच्या तरी खळ्यात जाऊन हॉर्न वाजवत बसतात.