ब्रेस्ट कॅन्सरची गाठ काढण्याआधी सर्जनला काय काय विचारायचं

"ब्रेस्ट ठेवता येईल," असं डॉक्टर म्हणाले की पुढचं काही कानात शिरत नाही. ब्रेस्ट क्लिनिकमध्ये सिस्टर आहे, रोज बघते. म्हणून सांगते, ठेवता येईल एवढं ऐकून उठू नका, दिसेल कसं हेही त्याच वेळी विचारा. यात लाजायचं काही नाही. शेक (म्हणजे रेडिएशन) झाल्यावर तिथली कातडी आणि चरबी घट्ट होते, जखम भरायला वेळ लागतो. मागाहून खळगा भरणं अवघड, म्हणून आकाराचा विचार पहिल्याच ऑपरेशनला झालेला बरा.

"सगळंच काढून टाका, कटकट नको," असं घरचे म्हणतील. योग्य निवडलेल्या पेशंटमध्ये गाठ काढून शेक घेतला तरी आयुष्य तेवढंच मिळतं. इटली आणि अमेरिकेतल्या चाचण्यांनी वीस वर्षांच्या पाठपुराव्यानंतर 2002 मध्ये हे दाखवलंय.

गाठ किती सेंटीमीटरची, हे सगळ्याच विचारतात. तुम्ही विचारा, "माझ्या ब्रेस्टचा कितवा हिस्सा जाणार?" साधारण 20 टक्क्यांपर्यंत जाणार असेल तर आजूबाजूचा भाग मोकळा करून सांधता येतो. 20 ते 50 टक्के जाणार असेल आणि ब्रेस्ट मोठा, ओघळलेला असेल, तर तो लहान करायच्या ऑपरेशनसारखा छेद घेतात, गाठही त्यातच निघते. मग दुसरी बाजू मोठी दिसते. ती जुळवायची का, आत्ता की नंतर, हे ठरवून घ्या. ब्रेस्ट लहान असेल तर सरकवायला काही उरतच नाही. तेव्हा काखेखाली, ब्राच्या पट्ट्यावर जी वळी येते ना, तीच रक्तपुरवठा शाबूत ठेवून आत वळवतात.

जागाही महत्त्वाची. खालच्या भागातली गाठ काढून नुसतं शिवलं तर स्तनाग्र पोपटाच्या चोचीसारखं खाली वळू शकतं.

केमो आधी असेल तर ती सुरू होण्यापूर्वी गाठीत क्लिप (जागा दाखवणारी धातूची बारीक खूण) टाकली का, ते विचाराच. गाठ विरघळली तर सर्जनला जागा सापडणार कशी?

मिश्री बंद. "तंबाखू नाही हो, नुसती मिश्री," असं म्हणणाऱ्या मावश्यांशी माझा रोजचा वाद! निकोटिनने बारीक रक्तवाहिन्या आकसतात आणि सरकवलेल्या भागाची कड काळी पडू शकते.

ऑपरेशनआधी मार्करच्या खुणा बसवून किंवा उभं करून करतात, कारण आडवं झालं की ब्रेस्ट बाजूला पसरतो. नेहमीचा ब्लाउज जवळ ठेवा, व्रण गळ्याबाहेर दिसेल का ते आरशात बघा. खुणा मात्र धुऊ नका.

आणखी एक: "काढलेल्या भागाच्या कडेला कॅन्सर निघाला तर?" तर पुन्हा ऑपरेशन, क्वचित पूर्ण ब्रेस्ट काढावा लागतो. भाग सरकवल्यावर गाठीची मूळ जागा ओळखू येत नाही, म्हणून आत टायटॅनियमच्या क्लिपा लावणार ना, तेही विचारा. शेक देणाऱ्या डॉक्टरांना त्या लागतात.

घरी पुढून हुकची, तार नसलेली सुती ब्रा घ्या. काही महिन्यांनी हाताला कडक गोळा लागला तर बऱ्याचदा ती मेलेली चरबी असते. पण ते ठरवायचं डॉक्टरांनी आणि सोनोग्राफीने, शेजारणीने नाही.