पाचवी कथा माझी होती

माझ्या घरी नाताळ साजरा होत नाही, पण २५ डिसेंबरच्या दुपारी मला हाक मारायची नाही, हे सगळ्यांच्या अंगवळणी पडलं आहे. आई शेजारच्या काकूंना सांगते, "आज हिचा निकाल आहे." एका अर्थी आहेच. त्या दुपारी युलटाइडचा संग्रह उघडतो. आपल्याला कोणी काय लिहून दिलं ते दिसतं, आपण लिहिलेलं समोरच्यापर्यंत पोचतं, आणि वर हजाराहून जास्त नव्या कथा एकदम वाचायला मिळतात. पुढचा आठवडा मी त्यातल्या आवडलेल्या कथा लोकांना सुचवत बसते. हे मी आठ वर्षं करतेय, त्यातली पहिली तीन वर्षं फार वाईट केलं. यंदा पहिल्यांदाच उतरणाऱ्या दोघीतिघींनी कथा कशा सुचवायच्या असं विचारलं, म्हणून एकदाचं लिहून काढते.

ज्यांना यातलं काहीच माहीत नाही त्यांच्यासाठी आधी थोडं. फॅनफिक म्हणजे दुसऱ्या कोणाच्या पुस्तकातली, सिनेमातली, मालिकेतली पात्रं घेऊन वाचकाने स्वतः लिहिलेली कथा. युलटाइड ही अशा कथांची भेट देण्या-घेण्याची वार्षिक प्रथा. २००३ साली सुरू झाली. अट एकच, पण मोठी: मूळ कृती 'दुर्मीळ' हवी, म्हणजे तिच्यावर फारशा फॅनफिक नसाव्यात. ज्यांच्यावर आधीच ढीगभर लिहून झालंय अशा गाजलेल्या कृतींना इथे दार बंद. ऑक्टोबरच्या सुमारास नोंदणी होते. मला कशावर कथा हवी आणि मी कशावर लिहू शकते, हे दोन्ही सांगायचं. मग जोड्या लागतात. आपण कोणासाठी लिहितोय हे लिहिणाऱ्याला कळतं. आपल्यासाठी कोण लिहितंय हे मात्र कळत नाही. किमान १००० शब्दांची पूर्ण कथा डिसेंबरच्या मध्यापर्यंत चढवायची. कोणी माघार घेतली तर ऐनवेळी धावून येणारे 'पिंच हिटर' असतात. हौस असेल तर जोडी नसतानाही कोणाच्याही मागणीवर जादा कथा लिहिता येते, तिला 'ट्रीट' म्हणतात. छोट्या ट्रीट 'मॅडनेस' नावाच्या वेगळ्या संग्रहात जातात. त्या चुकवू नका. माझ्या सगळ्यात लाडक्या कथांपैकी दोन तिथल्या आहेत आणि दोन्ही मिळून चहा गार व्हायच्या आत वाचून होतात.

हे सगळं जिथे घडतं ती जागा म्हणजे आर्काइव्ह ऑफ अवर ओन ही फॅनफिकची वेबसाइट, बोलताना एओथ्री. २००९ पासून चालू आहे, स्वयंसेवक चालवतात, जाहिराती नाहीत. २०१९ मध्ये तिला ह्यूगो हा विज्ञानकथा-कल्पनाकथांच्या जगातला मानाचा पुरस्कार मिळाला तेव्हा आमच्यातल्या कितीतरी जणी 'आता मलाही ह्यूगो' म्हणून चार दिवस मिरवत होत्या. बहुतेक कथा वाचायला खातं लागत नाही. लिहायला लागतं, आणि ते आमंत्रणाच्या रांगेत नाव घालून मिळवावं लागतं. म्हणून नोंदणीच्या आदल्या रात्री जागे होऊ नका. आणखी एक, कारण हा प्रश्न हमखास येतो: यात पैसे मिळत नाहीत, आणि एओथ्रीवर मागताही येत नाहीत.

आता मुद्द्याकडे. हजार-दीड हजार कथांमधून सुचवायच्या कशा?

पहिल्या वर्षी मी सरळ 'कुडोज'प्रमाणे यादी लावली. कुडोज म्हणजे वाचकाने दिलेली शाबासकी, एक बटण दाबलं की झालं. वरच्या वीस कथा वाचल्या, त्यातल्या बारा सुचवल्या आणि मोठं काम केल्यासारखी बसले. एका मैत्रिणीने विचारलं, "या सगळ्या मी आधीच वाचल्यात. तुझ्या यादीचा उपयोग काय?" अगदी बरोबर होतं तिचं. ज्या सिनेमावर चाळीस जणांचा जीव आहे त्याच्यावरच्या कथेला चाळीस वाचक तयार असतात. ज्या पुस्तकाचं नावही कोणी ऐकलेलं नाही त्याच्यावरच्या कथेला नऊ कुडोज पडले तरी डोक्यावरून पाणी. त्या नवातले तीन लिहिणारीच्या मैत्रिणींचे. कथा कितीही चांगली असो. सुचवणारीची गरज त्या नऊवाल्या कथेला असते, चारशेवालीला नाही.

आपल्याकडे दिवाळी अंकांचं असंच होतं. १९०९ मध्ये 'मनोरंजन'ने पहिला दिवाळी अंक काढला तेव्हापासून आपण सणाला कथांचा ढीग घरी आणतोय, आणि घरातलं कोणीतरी एक जण असतंच जे सगळा ढीग चाळून सांगतं, "तो अंक राहू दे, यातली शेवटून दुसरी कथा वाच." आमच्याकडे तो मान आत्याचा होता. ती कथेचं नाव कधीच सांगायची नाही. म्हणायची, "ती विहिरीवाली." आणि आम्हाला पुरायचं.

तर मी आता यादी उलटी लावते. कमी कुडोजकडून वर. आणि मूळ कृतीचं नाव मला अनोळखी असेल तर मुद्दाम उघडते.

इथेच नवखे अडतात. "मूळ वाचलेलं नाही, मग कथा कशी कळणार?" पण मूळ म्हणून काय चालतं ते तर पाहा! इंग्रजीत 'एआ-नासिरला तक्रारपत्र' म्हणून ओळखली जाणारी एक मातीची पाटी आहे, तळहातावर मावेल एवढी. आजच्या इराकमधल्या प्राचीन उर शहरात सापडली, आता ब्रिटिश म्युझियममध्ये आहे. इसवी सनपूर्व १७५० च्या सुमारास नान्नी नावाच्या गिऱ्हाइकाने एआ-नासिर नावाच्या व्यापाऱ्याला खडसावलंय: चांगलं तांबं देतो म्हणालास आणि हलकं पुढे केलंस, माझ्या माणसाचा अपमान केलास, शत्रूच्या मुलखातून त्याला रिकाम्या हाताने परत पाठवलंस. बस, एवढंच मूळ. यावर लोक फॅनफिक लिहितात. ते कळायला काय अभ्यास लागतो? दुकानदाराने हलका माल गळ्यात मारला आणि वर तोंड करून बोलला, हे ज्याच्यासोबत घडलं नाही असा माणूस दाखवा.

लोककथा आणि पुराणकथाही चालतात. महाभारतावरच्या कथाही मी तिथे वाचल्या आहेत, आणि त्या बाबतीत मराठी वाचक म्हणून आपलं पारडं जड आहे. महाभारतातल्या एकेका पात्राच्या तोंडून कहाणी सांगणाऱ्या कादंबऱ्यांवर आपल्या दोन पिढ्या वाढल्या. कीर्तनात बुवा आख्यान लावतात तेव्हा पुढे काय होणार हे समोरच्या आजींना त्यांच्यापेक्षा जास्त पाठ असतं, तरी त्या बसतात. यंदा बुवा कुठे थांबतात ते बघायला. फॅनफिकचा वाचक तसाच असतो. त्यामुळे महाभारतावरची इंग्रजी कथा सुचवताना मी दोन ओळी जास्त लिहिते, परदेशातल्या वाचकाला कोण कोणाचा भाऊ हे कळावं म्हणून, आणि एक ओळ आपल्या माणसांसाठी: ही कथा तुम्हाला माहीत असलेल्या ठिकाणी थांबत नाही.

सुचवायच्या मजकुराचं एक उदाहरण देते, कारण चूक तिथेच होते. त्या पाटीवरची एक कथा मला फार आवडली होती. तेव्हा मी लिहिलं होतं:

"अप्रतिम! काय लिहिलंय! शेवटी डोळे भरून आले. प्रत्येकाने वाचलीच पाहिजे."

यातून वाचणाऱ्याला काय कळलं? मी रडले, एवढंच. पुढच्या वर्षी तीच कथा पुन्हा सुचवली ती अशी:

"मूळ माहीत नसलं तरी चालेल. एका गिऱ्हाइकाची जुनी तक्रार आहे, बाकी कथा सांगतेच. बोलतो आहे तो नान्नीचा निरोप्या, ज्याला व्यापाऱ्याने हाकललं. पहिली दोन पानं खो खो हसवतात. मग त्याला त्याच वाटेने पुन्हा पाठवतात. छोटी आहे, झोपायच्या आधी वाचायला हरकत नाही."

यात मूळ किती माहीत हवं, बोलतंय कोण, चव कशी आणि वेळ किती, सगळं आलं. शेवट मात्र सांगितला नाही. शेवट सांगायची खाज मला फार आहे, म्हणून मजकूर लिहून झाला की शेवटचं वाक्य खोडते. दहात सात वेळा शेवट तिथेच लपलेला असतो.

इशाऱ्यांबद्दल नीट सांगते, कारण इथे एकीला खरंच त्रास झाला होता. एओथ्रीवर प्रत्येक कथेवर काही ठरावीक इशारे असतात: भीषण हिंसा, मुख्य पात्राचा मृत्यू, बलात्कार, अल्पवयीनांचे लैंगिक प्रसंग. 'यातलं काही लागू नाही' असाही एक पर्याय असतो. आणि आणखी एक असतो: 'लेखकाने इशारा न देणं पसंत केलं.' हे दोन पर्याय एकच नाहीत. दुसऱ्याचा अर्थ, आत काहीही असू शकतं. मी तो पहिल्यासारखा समजले आणि 'हलकीफुलकी' म्हणून एक कथा सुचवली. ती सहाव्या पानापर्यंत होतीही हलकीफुलकी. तेव्हापासून पूर्ण वाचल्याशिवाय एकही कथा सुचवत नाही, आणि आत मृत्यू असेल तर कोणाचा हे न सांगता 'आत मृत्यू आहे' एवढं लिहितेच.

आता ती फजिती. माझ्या चौथ्या वर्षी मी एका जुन्या, छोट्याशा मालिकेवर लिहिलं होतं. त्या वर्षी तिच्यावर एकूण पाच कथा आल्या. चार इतरांच्या, पाचवी माझी. संग्रह उघडल्यापासून १ जानेवारीपर्यंत लिहिणाऱ्यांची नावं झाकलेली असतात, तो निनावी आठवडा. त्यामुळे स्वतःची कथा सुचवायची नाही हे मला पक्कं ठाऊक होतं. म्हणून मी मोठ्या सचोटीने बाकीच्या चारही सुचवल्या. प्रत्येकीवर तीन-तीन ओळी, मनापासून. रात्री एकीचा निरोप आला: "मालिकेच्या पाचही कथा वाचल्या. तुझी सगळ्यात आवडली."

सचोटीनेच मला पकडून दिलं होतं! चार ओळखीचे उंबरठे चढून पाचवं घर टाळलं की ते घर कोणाचं हे गल्लीला कळतंच.

यावर लोकांनी तोडगे काढलेत. कोणी स्वतःची कथाही सुचवतात आणि तिच्याबद्दल मुद्दाम थोडं कमी लिहितात. मला ते जमत नाही, हात थरथरतो. मी ज्या मुळावर लिहिलं असेल त्यावरची कुठलीच कथा १ जानेवारीच्या आत सुचवत नाही. त्यात इतरांचं थोडं नुकसान होतं, म्हणून नावं उघडली की पहिली यादी त्यांचीच करते. तोवर कोणी काय लिहिलं असेल याचे जाहीर अंदाजही बांधत नाही. मनात बांधते. ते दरवर्षी चुकतात.

आणि सुचवण्याच्या आधी कथेखाली प्रतिक्रिया लिहा. हे उलट्या क्रमाने करणारे फार. इतरांना सांगायला दहा ओळी असतात, लिहिणारीला सांगायला फक्त एक बटण. निनावी आठवड्यातही तिला उत्तर देता येतं, नाव न दिसता. एका सहाशे शब्दांच्या ट्रीटखाली मी लिहिलं होतं की बसच्या तिकिटाचं ते एक वाक्य मला आठवडाभर आठवत राहिलं. तिने उत्तर दिलं, "ते वाक्य मी तीनदा काढलं होतं." त्या एका ओळीतून मी लिहिण्याबद्दल जे शिकले ते कुठल्या कार्यशाळेत शिकले नाही, आणि कार्यशाळांना मी पैसे भरलेत.

नोकरीत याचा उपयोग होतो का, असं एकीने विचारलंय. मी प्रकाशनात काम करते. रुजू झाल्यावर दुसऱ्या महिन्यात मला एका कादंबरीचा मलपृष्ठावरचा मजकूर लिहायला दिला, कारण ज्यांचं ते काम होतं ते आजारी पडले. मी युलटाइडला लिहिते तसंच लिहिलं: कोण बोलतंय, चव कशी, शेवट नाही. संपादकांनी 'मानवी मनाच्या गाभ्याचा वेध' हे त्यांचं ठेवणीतलं वाक्य घालून तो छापला. पण पुढच्या पुस्तकाचा मजकूर माझ्याकडेच आला. मुलाखतीत मात्र फॅनफिकचं नाव मी अजून काढलेलं नाही. बायोडेटात 'आठ वर्षं नियमित पुस्तक-शिफारस लेखन' असं लिहिते. खोटं नाही.

किती कथा सुचवायच्या? मी बारावर थांबते. एकदा सत्तेचाळीस सुचवल्या होत्या, कोणी एकही उघडली नाही.

गेल्या वर्षी २५ तारखेला संध्याकाळी स्वयंपाकघरात आले तेव्हा आई भाकरी थापत होती. "लागला निकाल?" मी तिला ती निरोप्याची कथा सांगितली. कथा नाही खरं तर, माझ्या यादीतला तो मजकूरच, तोंडी. आईला एआ-नासिर माहीत नाही, उर कुठे ते माहीत नाही, फॅनफिक म्हणजे काय हे मी आठ वर्षांत तिला समजावू शकलेले नाही. तिने तव्यावरची भाकरी उलटली, पाण्याचा हात फिरवला आणि विचारलं, "मग? दिलं का मेल्याने तांबं?"