विवाहपूर्व आर्थिक करार : स्वतःचे उत्पन्न स्वतःचे कसे राखावे

नाशिककडे लग्नाच्या याद्या होतात तेव्हा मानपान, आहेर, दागिने, हॉलचे भाडे कोणी भरायचे इथपर्यंतचा तपशील कागदावर येतो, वडीलधारी मंडळी त्यावर सह्या करतात आणि त्यात कोणालाही वावगे वाटत नाही. त्याच बैठकीत मुलाने किंवा मुलीने ‘आमच्या दोघांच्या कमाईविषयीही दोन पाने लिहून ठेवू’ असे म्हटले, तर मात्र अपशकुन झाल्यासारखे चेहरे होतात. लेखापाल म्हणून असे कागद मी अनेक जोडप्यांसाठी तयार करत आलो आहे, आणि घरच्यांच्या नाराजीपेक्षा मला जास्त त्रास इंटरनेटवरून उतरवलेल्या परदेशी नमुन्यांचा होतो.

त्या नमुन्यांत ‘घटस्फोट झाल्यास मालमत्तेची निम्मी वाटणी’ टाळण्यासाठी पानेच्या पाने खर्ची पडलेली असतात. आपल्याकडे हिंदू विवाह कायदा, १९५५ नुसार केवळ लग्न झाले म्हणून पतीच्या मालमत्तेचा अर्धा हिस्सा पत्नीचा किंवा पत्नीच्या मालमत्तेचा अर्धा हिस्सा पतीचा होत नाही. ज्याच्या नावावर जे आहे ते त्याचेच राहते. निम्म्या वाटणीची पद्धत गोव्यात आहे, कारण तेथे पोर्तुगीज काळातील नागरी संहिता चालते, आणि तिच्यानुसार लग्नाआधी रीतसर दस्त करून वेगळी व्यवस्था निवडताही येते. पण नाशिकच्या जोडप्याने गोव्याच्या किनाऱ्यावर जाऊन लग्न लावल्याने ती संहिता त्यांना लागू होत नाही. विशेष विवाह कायद्याखाली, म्हणजे १९५४ च्या कायद्याने, तीस दिवसांची नोटीस देऊन लग्न केले की करार आपोआप पक्का होतो, हाही असाच एक गैरसमज आहे. त्या कायद्यात अशा कराराची तरतूद नाही. आपल्याकडे या कराराचा खरा उपयोग पुराव्यापुरता आहे: लग्नाच्या दिवशी कोणाकडे काय होते आणि पुढे कोणाचा पैसा कोठे गेला, हे दोघांच्या सहीनिशी सांगणारा कागद.

दोघांची तीन वर्षांची प्राप्तिकर विवरणपत्रे, बँक व डीमॅट खात्यांची विवरणे, विमा, भविष्य निर्वाह निधी, कर्जे आणि शेती असल्यास सातबारा एवढे जमवून त्यांचे परिशिष्ट करावे. कर्ज लपवू नये. सर्वोच्च न्यायालयाने २०२० च्या रजनेश विरुद्ध नेहा या निकालात पोटगीच्या दाव्यात दोन्ही पक्षांनी उत्पन्न व मालमत्तेचे शपथपत्र देणे बंधनकारक केले आहे. वाद झालाच, तर आज दडवलेले त्या वेळी बाहेर येते आणि मग बाकीच्या कागदावरचाही विश्वास उडतो.

यानंतरचा टप्पा मात्र अवघड आहे, आणि बहुतेक मसुदे तेथेच पोकळ असतात. लग्नाआधीचे उत्पन्न वेगळे दाखवणे सोपे असते. लग्नानंतर ते एकमेकांत मिसळते तेव्हा काय, हे लिहिणे कठीण. सुरुवातीला या कलमाची शब्दरचना ठरवताना मीही पुष्कळ अडखळलो होतो. ‘प्रत्येकाचे उत्पन्न प्रत्येकाचे राहील’ हे वाक्य दिसायला नेटके आहे, पण घर चालू लागले की त्याला काही अर्थ उरत नाही. नेहमीचे चित्र असे असते: तो अंबडच्या कारखान्यात नोकरीला, तिचा कॉलेज रोडवर दवाखाना, गंगापूर रोडला फ्लॅट. महाराष्ट्रात महिलेच्या नावे घर घेतल्यास मुद्रांक शुल्कात एक टक्का सवलत मिळते म्हणून फ्लॅट एकट्या तिच्या नावावर, हप्ते त्याच्या पगारातून, आणि किराणा, वीजबिल, गाडीचे पेट्रोल, मुलांची फी हे सारे तिच्या खात्यातून. दहा वर्षांनी तो म्हणतो घर माझ्या पैशाचे, ती म्हणते संसार माझ्या पैशाचा, आणि दोघेही खरे बोलत असतात.

यासाठी तीन खाती ठेवावीत, हा माझा आग्रह आहे: प्रत्येकाचे एक आणि घराचे एक संयुक्त. मसुद्यात मी साधारण असे लिहून देतो: ‘संयुक्त खात्यात जमा केलेली रक्कम घरखर्चासाठी दिलेली समजली जाईल व तिची परतफेड कोणीही मागणार नाही, मात्र स्थावर मालमत्तेच्या खरेदीसाठी किंवा तिच्या कर्जाच्या हप्त्यासाठी दिलेली रक्कम, मालमत्ता कोणाच्याही नावे असली तरी, देणाऱ्याच्या नावे स्वतंत्र नोंदवली जाईल.’ या वाक्याचा पूर्वार्ध उत्तरार्धाइतकाच महत्त्वाचा आहे. भाजीच्या पैशांचाही हिशेब मागणारा करार मी लिहून देत नाही, कारण तो कोणी पाळत नाही. घराचे कर्ज दोघांच्या नावे असेल आणि मालकी एकाचीच असेल, तर ज्याचे नाव मालकीत नाही त्याला गृहकर्जाच्या व्याजाची प्राप्तिकरातील वजावटही मिळत नाही आणि हप्ते थकल्यास बँक त्यालाही सोडत नाही, हे सहकर्जदार म्हणून सही करण्याआधी दोघांना समजावून सांगावे.

दिंडोरी-निफाड पट्ट्यातील द्राक्षबागायतदारांच्या घरांत हेच आणखी गुंतागुंतीचे होते. सातबारा वडिलांच्या किंवा आजोबांच्या नावे असतो, द्राक्षांचे पैसे वडिलांच्या खात्यात येतात, आणि राबणारा मुलगा करारात ‘माझे शेतीउत्पन्न’ म्हणून एक आकडा लिहितो, जो कायद्याने त्याचा आहे की नाही हेच ठरलेले नसते. असा आकडा लिहू नये. त्याला प्रत्यक्ष जे मिळते तेवढेच लिहावे. उलट बाजूने, नोकरी करणाऱ्या सुनेचा पगार ऑक्टोबर छाटणीच्या सुमारास मजुरी आणि फवारणीच्या औषधांत जातो, अवकाळी पावसाने माल गेला की त्याविषयी कोणी बोलत नाही, आणि पुढच्या हंगामात पुन्हा तेच होते. त्या वेळी दिलेले पैसे उसने की भेट, हे त्याच दिवशी ठरवून बँकेच्या व्यवहारात ‘उसने’ किंवा ‘भेट’ असा एक शब्द लिहावा, आणि करारात हीच नोंद अंतिम मानण्याचे कलम घालावे. सासऱ्यांना दिलेली रक्कम पतीच्या नावे लिहून चालत नाही, कारण सासरे या कराराचे पक्षकार नसतात. त्यांच्याकडून वेगळी पावती घ्यावी. उसने दिलेले पैसे बँकेतूनच जावेत. वीस हजार किंवा त्याहून अधिक रक्कम रोख उसनी घ्यायला प्राप्तिकर कायद्याची सर्वसाधारणपणे मनाई आहे.

याच टप्प्यातला आणखी एक प्रश्न लोक टाळतात. मूल झाल्यावर दोघांपैकी एकाने, बहुतेक वेळा तिने, नोकरी सोडली तर काय? केवळ कमावणाऱ्याचे रक्षण करणारा करार मला मान्य नाही आणि न्यायालयाच्या नजरेतही तो एकतर्फी दिसतो. नोकरी सोडलेल्या काळात ठरावीक रक्कम दरमहा तिच्या स्वतंत्र खात्यात जाईल व ती पूर्णपणे तिची असेल, असे लिहावे. त्या रकमेवरचे व्याज प्राप्तिकरातील क्लबिंगच्या, म्हणजे जोडीदाराला दिलेल्या पैशावरचे उत्पन्न देणाऱ्याच्याच उत्पन्नात मिळवण्याच्या, नियमाने पतीच्या उत्पन्नात धरले जाते; तो कर त्याने भरावा.

काय लिहू नये, याबाबत कोणतीही तडजोड करू नये. ‘मी कधीही पोटगी मागणार नाही’ हे कलम सार्वजनिक धोरणाच्या विरुद्ध म्हणून टिकत नाही. शिवाय भारतीय करार कायदा, १८७२ च्या कलम २४ प्रमाणे मोबदल्याचा एक भाग बेकायदेशीर असला तर संपूर्ण करारच रद्दबातल ठरू शकतो. मुलांचा ताबा आधी ठरवता येत नाही, कारण तो मुलाचे हित पाहून न्यायालयच ठरवते. ‘न्यायालयात जाणार नाही’ हेही निरर्थक. सर्वांत धोकादायक वाक्य म्हणजे ‘या विवाहाच्या मोबदल्यात’. त्याच्यापुढे एखादी रक्कम किंवा फ्लॅट आला की तो कागद हुंडा प्रतिबंधक कायदा, १९६१ च्या व्याख्येत शिरू शकतो. लग्नाच्या बदल्यात म्हणून करारात कोणी कोणाला काही देऊ नये. जे आहे ते मान्य करावे आणि पुढे हिशेब कसा ठेवायचा तेवढे दोघांनी परस्परांना कबूल करावे. दागिने आणि आहेर यांची यादी याच हुंडा प्रतिबंधक कायद्याखालील १९८५ च्या नियमांप्रमाणे वेगळी करून त्यावर दोघांनी सह्या कराव्यात. स्त्रीधन तिचेच आहे, ते कराराच्या परिशिष्टात घुसडू नये.

दोघांचे वकील वेगळे असावेत, आणि सह्या लग्नपत्रिका छापायला जाण्याआधी व्हाव्यात. हळदीच्या आदल्या दिवशी घेतलेली सही दबावाखाली होती असे म्हणायला फार बुद्धी लागत नाही. ऑक्टोबर २०२४ पासून राज्यात साध्या करारासाठी पाचशेचा मुद्रांक लागतो. त्यावर मराठीत मसुदा, प्रत्येक पानावर सह्या, दोन साक्षीदार आणि नोटरी.

लग्नानंतर महिन्याभरात बँक, डीमॅट आणि भविष्य निर्वाह निधीतील वारसनोंदी बदलून घ्याव्यात, पुढे प्रत्येक मोठ्या खरेदीच्या वेळी एक पानाची पुरवणी जोडावी, आणि मूळ प्रतींपैकी एक तिच्या व एक त्याच्या ताब्यात राहील असे पाहावे; दोन्ही प्रती एकाच लॉकरमध्ये ठेवू नयेत.