कणकेच्या गोळ्या आणि साळुंक्या

नागपुरात पंचवीस वर्षं अकरावी-बारावीला जीवशास्त्र शिकवलं. नैसर्गिक निवड, म्हणजे परिसराला जुळणारे जीव जास्त टिकतात आणि त्यांचेच गुण पुढच्या पिढीत जातात, हे डोळ्यांनी बघायचं असेल, तर मी आधी कणीक मळायला सांगते.

त्याआधी वहीत अंदाज लिहा: 'हिरवळीवर पक्षी हिरव्यापेक्षा तपकिरी गोळ्या जास्त वेचतील.' खोटा ठरू शकेल असाच अंदाज हवा. वाटाण्याएवढ्या 40 हिरव्या, 40 तपकिरी गोळ्या करा. मीठ नको, पक्ष्यांना सोसत नाही. डोळे मिटून विखरा, कारण जागा निवडत बसलात की आपली इच्छा त्यात शिरते. निम्म्या संपल्या की उरलेल्या मोजा. थंडीतली सकाळ उत्तम. नवतप्यात, मे अखेरच्या कडक उन्हात, गोळ्यांचे खडे होतात.

पहिल्या वर्षी हिरव्यासाठी पालकाचा रस घेतला, तपकिरीसाठी कोको. हिरव्या भरपूर उरल्या, वर्ग खूश. एका मुलीने विचारलं, "मॅडम, साळुंक्यांना पालकच आवडत नसेल तर?" तशाच गोळ्या उघड्या मातीवर टाकल्या. तिथे तपकिरी उरायला हव्या होत्या; उरल्या पुन्हा हिरव्याच. त्या मुलीचा मला आजही अभिमान वाटतो. तेव्हापासून कणीक एकच, फरक फक्त खाण्याच्या रंगाचा, आणि जमीन बदलून पाहिल्याशिवाय मी निष्कर्ष लिहू देत नाही.

पतंग या किड्यावर इंग्लंडमध्ये प्रयोग करणारे शास्त्रज्ञ केटलवेल यांनीही जमीन बदललीच होती. 1953 मध्ये बर्मिंगहॅमजवळच्या काजळलेल्या जंगलात काळे आणि फिके पतंग सोडले, तर काळे जास्त परत सापडले, म्हणजे पक्ष्यांपासून वाचले. 1955 मध्ये डॉर्सेटच्या स्वच्छ झाडांत फिके. पद्धतीवर आक्षेप आले, तेव्हा जीवशास्त्रज्ञ मायकेल मेजरस यांनी केंब्रिजमध्ये सहा वर्षांत 4,864 पतंग सोडून ते पुन्हा तपासलं. तिथल्या स्वच्छ झाडांवर पक्ष्यांनी काळेच जास्त टिपले.

एका सकाळच्या आकड्यांवर विसंबू नका. नाणं 40 वेळा उडवा, 23-17 सहज येतं. प्रयोग पुन्हा करा, पण वेगळ्या जागी. तेच पक्षी रोज आले तर ते शिकतात.

एवढ्याने निवड दिसते, वारसा नाही. गोळ्यांना पिल्लं होत नाहीत, म्हणून ती आपण द्यायची: उरलेल्या प्रत्येक गोळीमागे त्याच रंगाची एक नवी. पुन्हा 80 झाल्या, ही दुसरी पिढी. चार-पाच पिढ्या रंगांचं प्रमाण तारखेनिशी लिहा आणि मग त्याच गोळ्या मातीवर न्या.