कुएर्नावाकाचं कॅथेड्रल: वाट वसईवरून

मेक्सिको सिटीला मुलाकडे किंवा सुनेकडे गेलेली ठाण्याची मंडळी पिरॅमिड बघतात, मॉल फिरतात आणि परत येतात. एक दिवस मेक्सिको सिटीपासून बसने दीड तासावरच्या कुएर्नावाका शहरातल्या कॅथेड्रलसाठी काढाच. मात्र तयारी इथूनच करा.

जाण्याआधीच्या एखाद्या रविवारी वसईच्या किल्ल्यात जा. घोडबंदर रोडचा भरवसा नाही, तेव्हा उजाडताच निघा. तिथलं फ्रान्सिस्कन म्हणजे संत फ्रान्सिसच्या पंथाचं, बिनछपराचं चर्च आणि जमिनीत बसवलेल्या थडग्यांच्या शिळा नीट बघून घ्या. गोन्सालो गार्सिया हे नावही डोक्यात असू द्या. पोर्तुगीज बाप, वसईची आई. पूर्वेकडे व्यापार करता करता हा गडी मनिलात फ्रान्सिस्कन ब्रदर झाला आणि ५ फेब्रुवारी १५९७ रोजी नागासाकीत क्रुसावर भाल्यांनी मारल्या गेलेल्या २६ जणांत होता. त्याच २६ जणांत मेक्सिकोचा फेलिपे दे हेसूसही होता. १८६२ मध्ये दोघे एकदमच संत ठरले.

तिकडे गेल्यावर मेट्रोच्या निळ्या २ नंबर लाइनने शेवटच्या तास्केन्या स्टेशनला उतरा. बसचा डेपो शेजारीच आहे. तिकीट काढताना ‘सेंत्रो’ म्हणजे गावाच्या मध्यात जाणारी बस मागा, तिथून कॅथेड्रल चालत गाठता येतं. दीड तासाचा रस्ता आधी ३००० मीटरपर्यंत चढतो आणि मग १५०० वर उतरतो. कान बंद होतात. बसमध्ये स्वेटर लागेल, खाली मात्र उकडेल.

फाटकातून आत शिरलात की थेट कॅथेड्रलच्या दारात जाऊ नका. आधी मोकळ्या आवारात फिरा. त्या उंच कमानींच्या उघड्या चॅपेलसमोर थांबा. १६ व्या शतकात स्थानिक लोकांचे जथेच्या जथे धर्मांतरासाठी गोळा व्हायचे, ते छताखाली मावणार कुठे? म्हणून पाद्री कमानीत आणि लोक अंगणात. बाजूच्या दारावरची कवटी आणि हाडंही बघा.

आता आत या. सोनेरी नक्षीची अपेक्षा असेल तर हिरमोड होईल. १९५० च्या दशकाच्या अखेरीस बिशप मेन्देस आर्सेओंनी आतलं पार मोकळं करून टाकलं. मला ते आवडलं, आमच्या ग्रुपमधल्या निम्म्यांना नाही. पण त्याच कामात चुन्याखालची भित्तिचित्रं उजेडात आली. लांबलचक भिंतींवर नागासाकीची सगळी कथा आहे: गाड्यांतून नेलेले कैदी, होड्या, क्रूस. ‘ताइकोसामा’ ही अक्षरं शोधा, तो म्हणजे त्या २६ जणांना मारण्याचा हुकूम देणारा जपानचा राज्यकर्ता हिदेयोशी. जपानची गोष्ट इथे कशी आली? आकापुल्कोहून मनिलाची गलबतं सुटायची आणि तिकडे निघालेले मिशनरी याच गावावरून जायचे.

भिंतींजवळ उजेड कमी असतो. डोळे सरावायला दहा मिनिटं द्या, फ्लॅश मारू नका. मिस्सा म्हणजे चर्चमधली सामुदायिक उपासना चालू असेल तर मागच्या बाकावर बसून राहा, मध्ये फिरणं बरं दिसत नाही. टोपी काढा, गुडघे झाकलेले असू द्या. वसईच्या चर्चमध्ये जे पाळता, तेच.

ज्यांना सोनंच हवं त्यांनी आवारातल्या तेर्सेरा ओर्देन चॅपेलची वेदी बघावी. ते बंद असेल तर मेक्सिको जिंकणाऱ्या स्पॅनिश कोर्तेसच्या वाड्यात मेक्सिकन चित्रकार दिएगो रिवेराचं भित्तिचित्र आहे, पायी दहा मिनिटांवर. सोमवारी तिकडची म्युझियमं बंद असतात, तो वार टाळा.