लहान मुलांना निसर्ग शिकवायचाय? आधी जवळपासचा एक उंबर शोधा

चार ते आठ वर्षांच्या मुलांना ‘परिसंस्था’ (एका जागेतले सगळे सजीव, माती, पाणी आणि त्यांचं आपसातलं नातं) हा शब्द सांगू नका, निदान पहिले काही महिने तरी नकोच. शब्द आधी हातात दिला की मुलं तो पाठ करतात आणि बघायचं राहून जातं. माझ्या मुलीला साडेचाराव्या वर्षी गवत-हरीण-वाघ हा तक्ता तोंडपाठ होता, पण गवतावर बसलेला नाकतोडा तिने तोपर्यंत एकदाही नीट बघितला नव्हता. तेव्हा मी तक्ता काढून ठेवला आणि आम्ही दर रविवारी सकाळी एकाच झाडाखाली जायला लागलो. खरंच एकच झाड, तेच झाड, वर्षभर.

झाड कुठलंही चालेल पण मिळत असेल तर उंबरच घ्या. दत्ताचं झाड म्हणून लोक सहसा तोडत नाहीत, त्यामुळे देवळाजवळ, नाल्याकाठी, जुन्या विहिरीपाशी, एखाद्या सोसायटीच्या मागच्या भिंतीला कुठे ना कुठे सापडतंच. आणि मोठा फायदा म्हणजे त्याची फळं थेट खोडाला लगडतात, म्हणजे पाच वर्षांच्या पोराच्या डोळ्यासमोर, मान वर करून शोधायला लागत नाही.

पहिल्या दोन-तीन वेळा काहीही शिकवू नका. चटई टाकून बसा, पंधरा मिनिटं, मोबाईल खिशात. मूल विचारेल तेवढंच बोला, आणि उत्तर माहीत असलं तरी लगेच देऊ नका, “तुला काय वाटतं?” एवढं विचारून थांबा. सोबत एक भिंग, जुना चमचा, पांढरं फडकं आणि वही ठेवा. फडकं फांदीखाली धरून फांदी हलकेच हलवली की त्यावर इतकं काय काय पडतं, कोळी, अळ्या, ढेकूण वाटावेत असे भुंगे, मुंग्या, की मुलं तासभर हलत नाहीत. बघून झालं की सगळ्यांना परत झाडावर सोडायचं, हा नियम पहिल्या दिवसापासून.

आता उंबराची खरी गंमत. आपल्याकडे खूप दिवसांनी भेटलेल्या माणसाला म्हणतात ना, “काय, उंबराचं फूल झालास की!” तर मुलांना तेच काम द्या, शोधा बरं उंबराचं फूल. दोन आठवडे शोधू द्या. मग लालसर व्हायला लागलेलं पण अजून कडक असलेलं एक उंबर घ्या आणि पांढऱ्या फडक्यावर फोडा. फुलं आतच असतात, शेकडो, बारीक बारीक, ते ‘फळ’ म्हणजे फुलांनी भरलेली बंद पिशवीच. आणि नशीब चांगलं असेल तर आतून जेमतेम 2 मिलिमीटरच्या माश्या चालत बाहेर येतात. या गांधीलमाशीच्या नात्यातल्या, पण माणसाला अजिबात चावत नाहीत, मुलांच्या हातावर चालू द्या.

मग गोष्ट सांगा, आणि ही गोष्ट अगदी खरी आहे. मादी माशी उंबराच्या तोंडाशी असलेल्या बारीकशा भोकातून आत घुसते, वाट इतकी अरुंद की तिचे पंख तिथेच तुटतात. ती दुसऱ्या उंबरातून अंगावर पराग घेऊन आलेली असते, ते इथल्या फुलांना लागतात, काही फुलांत ती अंडी घालते आणि आतच मरते. ज्या फुलांत अंडी नाहीत त्यांचं बी होतं. पिल्लांमधले नर बिनपंखांचे, ते आतून बाहेर जायचा बोगदा पोखरतात आणि बहुतेक तिथेच मरतात, आणि नव्या माद्या अंगाला पराग माखून त्या बोगद्यातून उडून जातात दुसऱ्या उंबराच्या शोधात. माशी नाही तर उंबराला बी नाही, उंबर नाही तर माशीला घर नाही. वड, पिंपळ, अंजीर सगळे याच कुळातले, जगात 750च्या आसपास जाती आहेत आणि बहुतेकींची माशी आपापली वेगळी असते. ‘एकमेकांवर अवलंबून असणं’ हे यापेक्षा सोपं करून सांगायला मला अजून काही सापडलेलं नाही.

“मग आपण उंबर खातो तेव्हा किडे पण खातो?” हा प्रश्न येणारच. हो, थोडे खातो, म्हणूनच जुनी माणसं उंबर फोडून, झटकून, बघून खायची. लपवू नका. तसंच कधीतरी झाडाखाली पक्ष्याचं मेलेलं पिल्लू दिसेल आणि त्याला मुंग्या लागलेल्या असतील, तेव्हा पोराला ओढून नेऊ नका. माझी मुलगी रडली होती, मी तिला रडू दिलं आणि मग आम्ही लांबून बघत बसलो, मुंग्या ते कण कण करून कुठे नेतायत ते. पुढच्या रविवारी तिथे फक्त पिसं होती आणि ती स्वतःहून म्हणाली की पिल्लू मुंग्यांच्या बाळांकडे गेलं. अन्नसाखळी हा शब्द पुढे शाळेत परिसर अभ्यासात येईलच, तेव्हा तिच्याकडे त्याचं चित्र आधीच असेल.

फळं पिकली की पाहुणे मोजा. बुलबुल, कोकिळा, मैना, पहाटे लवकर गेलात तर हिरव्या कबुतरांचा म्हणजे हरियालांचा थवा, तो आपल्या महाराष्ट्राचा राज्यपक्षी. उन्हाळ्यात टुक टुक टुक असा एका लयीत आवाज येतो तो तांबट, तांब्याच्या भांड्यावर हातोडी पडल्यासारखा, म्हणून तर ते नाव. पुण्यात असाल तर मुलांना एकदा कसबा पेठेतल्या तांबट आळीत घेऊन जा आणि दोन्ही आवाज ऐकवा, आयुष्यभर विसरणार नाहीत. संध्याकाळी उशिरा मोठी वटवाघळं येतात. मग कुठल्यातरी जुन्या भिंतीवर उगवलेलं पिंपळाचं नाहीतर उंबराचं रोप दाखवा आणि विचारा, हे इथे कोणी लावलं? आमच्याकडे पहिलं उत्तर “माळीकाकांनी” होतं, पक्ष्यांच्या विष्ठेतून बी येतं हे कळलं तेव्हा जो हशा पिकला तो अजून आठवतोय.

पानांकडे पण बघा, उंबराच्या पानांवर बरेचदा फोडांसारख्या गाठी असतात. ती एका चिमुकल्या किड्याच्या पिल्लांची घरं. एखादं पान घरी आणून गाठ कापून भिंगाखाली बघा, चाकू अर्थात तुमच्या हातात.

मी ज्यावर अजिबात तडजोड करत नाही अशा गोष्टी. पालापाचोळ्यात हात घालायचा नाही, आधी लांब काठीने हलवायचा, त्यात घोणस किंवा विंचू असू शकतो, पावसाळ्यात तर जास्तच सांभाळा. पायात बूट, चप्पल नाही. घरट्याजवळ जायचं नाही, फोटोसाठी पण नाही. चीक डोळ्याला लागू द्यायचा नाही आणि घरी आल्यावर साबणाने हात. आणि कुठल्याच प्राण्याला ‘घाण’ किंवा ‘दुष्ट’ म्हणायचं नाही, हा नियम मोठ्यांसाठी, कारण पाल दिसल्यावर आपण जे तोंड करतो ते मुलं लगेच उचलतात.

पाच-सहा मुलं जमली की सुतळीचा खेळ घ्या. एक उंबर, एक माशी, एक तांबट, एक वटवाघूळ, एक मुंगी, एक माती. कोण कोणाच्या उपयोगी पडतं ते मुलांनीच सांगायचं आणि सुतळी त्याच्याकडे द्यायची, जाळं झालं की माशीला हळूच खाली बसायला सांगा. ताण कोणाकोणाला जाणवला ते विचारा, बाकी काही समजावू नका.

उंबर जवळ नसेल तर कढीपत्त्याची कुंडी घ्या, फक्त औषध फवारलेली नको. पावसाळ्यात त्यावर लिंबाच्या फुलपाखराच्या अळ्या बरेचदा येतात. लहान असताना अगदी पक्ष्याच्या शिटेसारख्या दिसतात, म्हणजे कोणी खाऊ नये, मोठ्या झाल्या की पानासारख्या हिरव्या. काडीने हलकेच डिवचलं तर डोक्यामागून नारिंगी शिंगं काढून उग्र वास सोडतात, हे एकदाच करा, सारखं त्रास देऊ नका. फोडणीला पानं कमी पडतील, महिनाभर बाजारातून आणा. कोषाचा रंग बदलून आतले पंख दिसायला लागले की बहुतेक दुसऱ्या दिवशी सकाळीच फुलपाखरू बाहेर येतं, त्या दिवशी मुलांना लवकर उठवा, शाळेला थोडा उशीर झाला तरी चालेल. पंख ओले आणि चुरगळलेले असतात, वाळेपर्यंत अजिबात हात लावायचा नाही, खिडकी उघडी ठेवून शेजारी बसून राहायचं.