केल्टिक बँड काढायचाय? मग हलगी आधी खाली ठेवा

केल्टिक म्हणजे आयर्लंड-स्कॉटलंडकडचं लोकसंगीत. कोल्हापुरात कुणीपण बँड काढू दे, दुसऱ्या दिवशी त्यात हलगी घुसतेच. आमच्यात पण घुसली, लोक जाम नाचले, आम्ही खूश, आणि मग रेकॉर्डिंग ऐकलं तर फिडल, म्हणजे व्हायोलिन, कुठं गायबच! गाणारं कुणी नसलं की चालच सगळं असते भावा, ती झाकली की संपलं.

तर आधी चाल पाठ करा. बहुतेक आयरिश चालींचे दोन भाग असतात, एकेक 8 बारचा (बार म्हणजे मात्रांचा एक गट), दोन्ही दोन-दोनदा वाजवायचे म्हणजे एक फेरी 32 बारची. चालींच्या प्रकारांत रील 4/4 मध्ये, आपला केरवा डोळ्यापुढं आणा, जिग 6/8, म्हणजे दादऱ्याच्या घरचं, आणि स्लिप जिग 9/8, तीन-तीन-तीन. पण तबलेवाल्याला दादरा जसाच्या तसा ठोकू देऊ नका, जिगमध्ये तिनातली पहिली मात्रा जरा लांबते आणि मधली आखडते, तो झोका गेला की शाळेतली कवायत वाटते.

वाद्यं इथलीच चालतात. व्हायोलिन आणि फिडल एकच, फरक वाजवण्यात. बासरीवाल्याला पांढरी पाचची (पेटीची पाचवी पांढरी पट्टी, म्हणजे G) बासरी घ्यायला सांगा, सहाही भोकं बंद केली की पांढरी दोन (D) वाजते आणि तिथनं एकेक बोट उचलत गेलं की आयरिश बासरीचंच सप्तक हाताखाली येतं. फक्त मींड आवरा म्हणावं! तिकडं स्वर घसरत नेण्यापेक्षा बोटाच्या झटक्यानं तोडतात, आपल्या कणस्वरासारखं पण आणखी तुटक. आमच्या बासरीवाल्याला हे सुटायला तीन महिने लागले, अजून मधेच यमन डोकावतो. बोधरान म्हणजे बकऱ्याच्या कातड्याचा डफ, एका हातात छोटी काठी, दुसरा हात आतनं कातडं दाबून सूर वरखाली करतो. मोठा डफ घेऊन हेच करून बघा, जमतंय. खाली षड्ज-पंचम धरायला तंबोरा पाहिजे तर तंबोऱ्यांचं मिरज जवळच आहे.

आता नवेपणा. तो वाद्यांची गर्दी करून येत नाही. आयर्लंडचा लुनासा ऐका, नुसता वाद्यांचा बँड, खालनं डबल बास चालीला ढकलत असतो. गिटार डी-ए-डी-जी-ए-डी अशी लावा, मोकळ्या तारांत गंधारच नसल्यानं तीच चाल एका फेरीत हसरी आणि दुसऱ्या फेरीत उदास करता येते. बऱ्याच चाली तर सरळ खमाज नाहीतर काफी थाटात बसतात, म्हणजे आपल्या माणसाला अर्धं काम फुकट. आणि हलगी? तिसऱ्या फेरीच्या दुसऱ्या भागात, तेवढीच, तीपण माइकपासनं लांब. नाद खुळा होतो.

स्टेजवर दोन-तीन चाली जोडून सेट करा, मधे थांबू नका. चाल बदलायच्या आधी एकानं "हप!" ओरडायचं, तिकडं पण ओरडतात, आमच्यात कुणीतरी "चल लगा" म्हणतं आणि तेपण चालतंय. पब्लिक टाळ्या धरतं तेव्हा लय पळते, म्हणून टाळ्यांकडं न बघता गिटारवाल्याच्या पायाकडं बघा. आणि जुलै-ऑगस्टात कार्यक्रम असला तर कातड्याचा डफ दमटपणानं सैल पडतो, फायबरचा एक गाडीत टाकून ठेवा.